नाताळातील सागरविहार

सण घरात साजरा करावयाचा असतो आणि सुट्टी घराबाहेर घालवावयाची असते, या दोन समजुती आपल्या मनात शेजारी-शेजारी सुखाने नांदत असतात. त्यांच्यात मूलतः विरोध आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच होते. फ्लॉरिडातील मायामी, फोर्ट लॉडरडेल आणि पोर्ट कॅनाव्हरल या बंदरांवर डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र हा विरोध मूर्तिमंत उभा राहतो. ज्या रात्री ख्रिस्ती जगातील रूढीप्रमाणे माणसाने आपल्या उंबरठ्याच्या आत, आप्तस्वकीयांच्या सान्निध्यात असावे, त्या रात्री हजारो अमेरिकी कुटुंबे, वृद्ध मातापित्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत, घराला कुलूप घालून कॅरिबियन समुद्रावर विहार करीत असतात. आणि सणासाठी म्हणून जे जे घरी सिद्ध व्हावयाचे, ते सारे, सजविलेल्या वृक्षापासून मेजवानीपर्यंत आणि मुलांच्या भेटींपासून प्रार्थनेपर्यंत, जहाजाच्या कंपनीने मोबदला घेऊन आधीच मांडून ठेवलेले असते. या रिवाजाला धनिकांचा विलास म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु सणामागचे श्रम कोणाचे आणि सणाची सुट्टी कोणाची, हा प्रश्न या जहाजांवर जितका उघडा पडतो तितका तो घरातल्या सणात पडत नाही, आणि म्हणूनच त्याचा सविस्तर विचार करावा असे मला वाटते.

प्रथम या व्यवहाराचे आकारमान ध्यानात घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज वीस मजल्यांचे असून त्याची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. एका खोलीत दोघे या हिशेबाने त्यावर ५,६१० प्रवासी राहतात, सगळ्या खाटा भरल्या तर ही संख्या ७,६०० पर्यंत जाते, आणि त्यांच्या दिमतीला २,३५० माणसे तैनात असतात. नाताळात शाळा बंद असल्यामुळे आईबापांच्याच खोलीत मुलांच्याही खाटा उघडल्या जातात, आणि म्हणून या फेरीत जहाज पहिल्या आकड्यापेक्षा दुसऱ्या आकड्याच्या अधिक जवळ असते. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती आठवडाभर पाण्यावर राहते, जेवते, नाचते, आणि तिच्यातील एकाही प्रवाशाला त्या आठवड्यात एक भांडेसुद्धा विसळावे लागत नाही.

या दृश्याने ज्यांचे मन विटते आणि नाताळचे पावित्र्य बाजारात मांडले गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी हेही विसरू नये की घरगुती नाताळ ही वस्तूच मुळी फारशी पुरातन नाही. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या कर्मठ प्यूरिटनांना हा सण इतका नापसंत होता की मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ मध्ये तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला, आणि हा कायदा १६८१ पर्यंत अमलात होता. त्यांच्या रोषाचे कारण असे की तत्कालीन नाताळ हा चुलीभोवतीचा सौम्य सोहळा नसून रस्त्यावरचा गलबला होता. मद्यपान, सोंगे, आणि धनिकांच्या दारी जाऊन खाद्यपेयांची हक्काने केलेली मागणी, असे त्याचे रूप होते. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब सजविलेल्या वृक्षाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात आले. आणि दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एका स्त्रियांच्या मासिकाने तेच चित्र राणीच्या मस्तकावरील मुकुट आणि राजपतीच्या मिशा काढून टाकून पुन्हा छापले, जेणेकरून ते कोणत्याही सुखवस्तू अमेरिकी कुटुंबाचे वाटावे. १८७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने हा दिवस सरकारी सुट्टीचा ठरविला. अशा रीतीने, अवघ्या दोन पिढ्यांच्या अवधीत, रस्त्यावरचा सण दिवाणखान्यात आला आणि तेथे तो सनातन असल्यासारखा प्रतिष्ठित झाला. जो सण एकदा रस्त्यावरून घरात येऊ शकतो, तो घरातून जहाजावर गेला म्हणून धर्म बुडाला असे म्हणण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

सागरविहाराची कल्पना तर हिवाळ्यातच जन्मली. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचा सूत्रधार आल्बर्ट बालिन याच्यापुढे अडचण अशी होती की युरोपातून अमेरिकेस जाणाऱ्या प्रवाशांचा ओघ उन्हाळ्यात वाहे, आणि थंडीत उत्तर अटलांटिक खवळला की त्याची मोठमोठी जहाजे खर्च चालू ठेवून धक्क्याला पडून राहत. त्याने तोड काढली ती अशी की २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाले. कोठे पोचावयाचे म्हणून नव्हे, तर केवळ समुद्रावर असावे म्हणून केलेला तो प्रवास होता, आणि दर्यावर्दी धंद्यातल्या जाणत्या लोकांना ती कल्पना वेडगळ वाटली होती. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि समुद्र ओलांडण्यासाठी जहाजाची गरज उरली नाही. गरज संपल्यावर उरतो तो शौक, आणि त्या शौकाचे माहेर मायामी झाले. १९६६ च्या डिसेंबरात, नाताळ अगदी तोंडावर आला असता, ‘सनवर्ड’ हे नॉर्वेजियन जहाज तेथून बहामाकडे नियमित फेऱ्या करू लागले; १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनी निघाली, आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील सागरविहार हा एक स्वतंत्र उद्योग बनला.

या उद्योगाच्या रचनेत कायद्याचा वाटाही मोठा आहे. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्याने परदेशी निशाणाच्या जहाजास अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेण्याची मुभा ठेवली नाही. म्हणून ही जहाजे एकाच बंदरातून निघून, वाटेत नॅसॉ किंवा कोझुमेलसारख्या परक्या बंदराला लागून, पुन्हा त्याच बंदरात येतात. जहाजांवर निशाण असते ते बहुधा बहामाचे, पनामाचे वा माल्टाचे, आणि या निशाणाबरोबर करांचे, मजुरीचे आणि नोकरीच्या अटींचे कायदेही बदलतात. प्रवासी अमेरिकेचा, कंपनीचे मुख्य कार्यालय अमेरिकेत, धक्का अमेरिकेचा, पण जहाजावर सोळा जिने खाली कपडे धुणाऱ्या माणसावर कायदा भलत्याच मुलखाचा, अशी ही व्यवस्था आहे.

आता कुटुंबाकडे वळू. या सागरविहाराच्या बाजूने जे सर्वांत वजनदार बोलणे आहे ते गृहिणीचे आहे, आणि ते ऐकून न घेता या विषयावर कोणी मत देऊ नये. घरगुती नाताळ जो एकोणिसाव्या शतकात घडला, तो स्त्रियांच्या श्रमांवर घडला. भेटी निवडणे, बांधणे, पत्रे पाठविणे, पंधरवडाभर आधीपासून केक आणि बिस्किटे करणे, पाहुण्यांच्या बिछान्यांची तजवीज करणे, मेजवानीच्या दिवशी पहाटेपासून भट्टीपुढे उभे राहणे आणि सगळे तृप्त होऊन पहुडले असता रात्री उष्टी आवरणे, या साऱ्याचा भार जिच्यावर पडतो, तिला ‘सण घरातच शोभतो’ हे वाक्य कसे लागत असेल याचा विचार पुरुषांनी करावा. आमच्याकडे दिवाळीत काही वेगळे होते असे नाही. ज्या स्त्रीने आयुष्यातील सगळे सण स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले, तिला वयाच्या साठाव्या वर्षी एका नाताळला कोणी आयते ताट वाढून देत असेल, आणि नातवंडे शेजारी बसलेली असतील, तर त्या सुखाला मी विलास म्हणणार नाही. ते तिचे थकलेले येणे आहे.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ही रीत रुजत आहे, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. दिवाळीला तेथे बहुतेक ठिकाणी रजा नसते. शाळा आणि कचेऱ्या एकदम बंद राहतात त्या नाताळातच. तेव्हा पुण्याहून वा नागपूरहून आलेले आईवडील, निरनिराळ्या राज्यांत विखुरलेली भावंडे आणि परस्परांना वर्षभर न दिसलेली चुलत-आते भावंडे यांनी एकत्र यावयाचे तर तो आठवडा हाच. गुडघ्यांनी जर्जर झालेल्या आजीला जहाजावर सामान बांधावे-सोडावे लागत नाही. चाकाच्या खुर्चीवरून ती उद्वाहनाने हव्या त्या मजल्यावर जाते. तिच्या शाकाहाराची सोय आधी कळविल्यास होते. तीन पिढ्यांना पुरेल एवढी जागा अमेरिकेतील कोणा एकाच्या घरात असेलच असे नाही, आणि असली तरी त्या घरच्या सुनेवर पडणारा भार वेगळाच.

तथापि येथेच एक गोष्ट मला खटकते, आणि ती म्हणजे हे जहाज कुटुंबाला एकत्र आणून लागलीच त्याची वाटणी करते. लहान मुलांसाठी वयाप्रमाणे वेगवेगळी क्रीडागृहे, किशोरांसाठी त्यांचा स्वतंत्र कक्ष, प्रौढांसाठी मुलांना मज्जाव असलेला डेक, वृद्धांसाठी संगीत आणि पत्ते, कोणाला जुगाराचा हॉल, कोणाला पोहण्याचे हौद. प्रत्येकाच्या आवडीचा इतका चोख बंदोबस्त केलेला असतो की कोणालाही दुसऱ्याच्या आवडीशी जुळवून घेण्याचे कारणच पडत नाही. घरातल्या सणात माणसे एकमेकांच्या वाटेत येतात. आजोबांची लांबलेली गोष्ट मुलांना ऐकावी लागते, मुलांचा कल्लोळ आजोबांना सोसावा लागतो, आणि करंज्यांना मुरड घालताना ज्या जावा एरवी परस्परांशी जेमतेम बोलतात त्यांना शेजारी बसावे लागते. प्रेम बहुधा या अडचणीतच मुरते. एकत्र केलेल्या कामाने जे आप्तपण निर्माण होते ते एकत्र घेतलेल्या सुखाने होईलच अशी खात्री देता येत नाही. जहाजावर कुटुंब खऱ्या अर्थाने भेटते ते रात्रीच्या जेवणाला. अनेक जहाजांवर ठरलेले मेज आणि ठरलेला वेटर मिळण्याची जुनी पद्धत अद्याप चालू आहे. दुसऱ्या दिवशी त्या वेटरला मुलांची नावे पाठ झालेली असतात, तिसऱ्या दिवशी आजीला चहा कसा लागतो ते तो न सांगता ओळखतो, आणि आठवड्याच्या अखेरीस असे घडते की कुटुंबातल्या प्रत्येकाशी रोज बोललेला, प्रत्येकाची तब्येत विचारलेला माणूस कुटुंबातला नसतो.

तो असतो कोण? तो फिलिपिन्सचा असेल, इंडोनेशियाचा असेल. आणि तो साष्टीचा, बारदेशचा, वसईचा किंवा मुंबईतल्या एखाद्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला असण्याचाही पुष्कळ संभव आहे. पश्चिम किनाऱ्याचा जहाजी नोकरीशी संबंध आजचा नाही. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले खलाशी डेकवर राबत, त्यांच्यावर तांडेल, तांडेलावर सारंग अशी ती उतरंड असे, आणि भोजनगृहाची व खोल्यांची खिजमत गोवेकरांकडे असे. गोव्यातील गावोगावच्या तारवट्यांनी, म्हणजे जहाजी नोकरांनी, मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावांचे कूड, म्हणजे सामाईक निवास, स्थापिले. जेर महालासारख्या इमारतीत त्यांतले कित्येक आजही आहेत. बोट लागेपर्यंत गावचा माणूस तेथे अल्प भाड्यात राही, भिंतीलगत आपली पेटी ठेवी आणि रोज संध्याकाळी गावच्या पालक-संताच्या वेदीपुढे सर्वांसोबत जपमाळेची प्रार्थना म्हणे. या नोकरीने गोव्यात घरे उभी केली, बहिणींची लग्ने लावली, मुलांना वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकविली, हे निर्विवाद आहे; कोणी तिला केवळ शोषण म्हणेल तर त्या घरांतली माणसेच त्याला थांबवतील.

पण त्याच घरांत नाताळ येतो. दारावर कागदी तारा लागतो, अंगणात येशूजन्माचा गोठा रचला जातो, नेवऱ्या, दोदोल, कुलकुल आणि बेबिंका यांनी ताटे भरून शेजाऱ्यांकडे जातात, मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळा गाव लोटतो; आणि घरचा कर्ता पुरुष सहा-नऊ महिन्यांच्या करारावर समुद्रावर असतो, कारण नाताळ हाच त्याच्या कंपनीचा सुगीचा काळ. तो त्या रात्री लाल टोपी घालून दुसऱ्यांच्या मुलांना पक्वान्ने वाढीत असतो. स्वतः ख्रिस्ती असलेल्या, ज्याच्यासाठी हा दिवस वर्षातला सर्वांत मोठा आहे अशा माणसाने, ज्यांच्यापैकी कित्येकांना त्या दिवसाचा धार्मिक अर्थही फारसा उरलेला नाही अशांचा नाताळ घडवून द्यावा, ही गोष्ट मनाला लागते.

हे श्रम किती अदृश्य असतात ते एका संकटाने दाखवून दिले. २०२० च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज करोनाच्या साथीमुळे योकोहामा येथे अडवून ठेवण्यात आले. त्यावर ३,७११ माणसे होती आणि त्यांतील ७०० हून अधिकांना लागण झाली. जहाजावर भारतीय होते १३८. त्यांत प्रवासी सहा आणि कर्मचारी १३२. प्रवाशांना संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना खोल्यांत बंद केले गेले, आणि त्या बंद दारांपर्यंत तीन वेळचे जेवण पोचविण्याचे काम कर्मचाऱ्यांनीच केले. त्यांचे स्वतःचे राहणे अरुंद, सामाईक खोल्यांत होते, आणि अलग राहण्याची चैन त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढे जगभरची जहाजे रिकामी झाली, प्रवासी घरोघर पोचले, आणि गोव्यातले, मुंबईतले शेकडो तारवटी आठवडे आणि महिने समुद्रावरच खोळंबून राहिले. त्याआधी, २०१२ च्या जानेवारीत, इटलीच्या किनाऱ्यापाशी ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ माणसे दगावली. त्यांतला सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, सापडलेला देह त्या जहाजावरील एका भारतीय वेटरचा होता.

नाताळच्या परंपरेला हा प्रश्न अपरिचित होता असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडात २६ डिसेंबरचा ‘बॉक्सिंग डे’ नोकरचाकरांचा दिवस म्हणून रूढ झाला. आदल्या दिवशी मालकाची मेजवानी निभावून नेणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी भेटीची पेटी आणि रजा मिळे, आणि तो आपल्या घरी आपला सण करी. ज्या बहामा बेटांना ही जहाजे लागतात, तेथला जंकानू हा उत्सव याच उगमातला आहे. तेथल्या गुलामांना नाताळात जे मोजके दिवस मोकळे मिळत, त्यांत त्यांनी ढोल, घंटा आणि वेषभूषा यांचा स्वतःचा उत्सव निर्माण केला, आणि आजही २६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी नॅसॉच्या बे स्ट्रीटवर त्याची मिरवणूक निघते. युनेस्कोने २०२३ मध्ये त्याला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. मालकाच्या सणाच्या सावलीत सेवकाने आपला सण उभारला आणि तो मालकाच्या सणाहून अधिक तेजस्वी ठरला. अर्थात रजेचे हे औदार्य निर्मळ नव्हते. स्वतः गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले की नाताळपासून नववर्षापर्यंतची सुट्टी हे बंडाची वाफ दवडण्याचे मालकांचे साधन होते. आजचा जहाजी नोकर गुलाम नाही. तो स्वेच्छेने करार करतो आणि त्याचा पगार घरी पोचतो. तरीही डग्लसचे बोलणे येथे उपयोगी पडते, कारण विश्रांती ही मर्जीची देणगी असू नये, ती हक्काने मिळावी, हा त्याचा मथितार्थ आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा २००६ चा सागरी श्रमकरार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. खलाशाच्या कामाचे मूळ प्रमाण दिवसाला आठ तास, आठवड्यास एक दिवस विश्रांती आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी विश्रांती असे असावे, हे तत्त्व त्या करारात लिहिलेले आहे. परंतु त्याच कराराने चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यास किमान ७७ तास विश्रांती ही मर्यादाही मान्य केली आहे, आणि ती विश्रांती दोन तुकड्यांत देण्याची सवलत ठेविली आहे. म्हणजे तत्त्व आठ तासांचे आणि मुभा चौदा तासांची. सणाच्या फेरीत चालते ती मुभा. ज्या आमच्या शेतकऱ्याने पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, हा नियम कोणत्याही कराराविना पाळला, त्याच्या वारसांना यातले उणे समजावून सांगण्याची जरुरी नाही.

तेव्हा माझे मत असे की नाताळात सहकुटुंब सागरविहारास जाण्यात दोष नाही. गृहिणीच्या खांद्यावरचा भार उतरतो हे भलेच आहे. दोष आहे तो भार नाहीसा झाला असे मानण्यात. तो केवळ दुसऱ्या खांद्यावर गेलेला असतो, आणि त्या खांद्याला त्याचा २६ डिसेंबर परत मिळाला पाहिजे. सात हजार प्रवाशांना त्या दिवशी एक वेळ थंड जेवणावर भागविता येईल, एक दुपार खोल्या झाडल्या नाहीत तर चालेल, आणि तेवढ्या अवधीत जहाजावरच्या ख्रिस्ती सेवकवर्गाला आपली प्रार्थना आणि आपले जेवण निवांतपणे करता येईल. याला फार मोठ्या योजनेची गरज नाही. आमच्या सरकारांचेही याबाबत काही कर्तव्य आहे. गोवा सरकारने निवृत्त खलाशांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. रत्नागिरी, रायगड आणि वसईच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी कुटुंबांसाठी महाराष्ट्रानेही तशी तरतूद करावी.

या अंकाच्या वाचकांपैकी जे कोणी, येथून किंवा परदेशातून, येत्या नाताळात सहकुटुंब जहाजावर जाणार असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे. तिकिटासोबत रोजच्या हिशेबाने लावलेली सेवकांची बक्षिसी काही कंपन्यांच्या नियमानुसार खिडकीवर जाऊन रद्द करून घेता येते, ती रद्द करून घेऊ नका. आणि फेरी संपल्यावर कंपनी अभिप्रायासाठी जो अर्ज पाठविते, ज्यातल्या शेऱ्यांवरून सेवकांची बढती आणि पुढचा करार ठरत असतो, त्यात आपल्या वेटरचे आणि खोली झाडणाऱ्याचे नाव घालून त्यांच्या कामाविषयी चार शब्द लिहा, आणि त्याखाली २६ तारखेची मागणीही लिहा.